शमायाची साक्ष

आरोपी म्हणून हात बांधून उभ्या केलेल्या त्या गुरूचा शमायाला पहिल्यापासून संशय होता. असला माणूस लोकांना बिघडवतो, असं वाटूनच तो आपणहून न्यायसभेत साक्ष द्यायला आला होता.

"हा म्हणाला, मी मंदिर पाडीन!" पहिल्या साक्षीदारानं सांगितलं. शमाया चमकला. गुरू मंदिरात बोलला त्या दिवशी शमाया तिथं होता, पण हा साक्षीदार नव्हताच! बोलताना तो सारखा न्यायाला बसलेल्या मुख्य याजकांच्या, म्हणजे मंदिराच्या प्रमुख पुजाऱ्यांच्या, तोंडाकडे बघत होता आणि याजक हळूच मान डोलावत होते.

"तूही हेच ऐकलंस ना?" याजकांनी शमायाला विचारलं.

शमाया पुढे झाला. "नाही, महाराज. 'तुम्ही मंदिर पाडलंत तर मी पुन्हा उभारीन,' असं म्हणाला. मला तो पटत नाही, पण पाडण्याची भाषा त्यानं केली नाही."

"म्हणजे तूही त्याचाच चेला!" याजक गरजले. शेजारचे लोक चटकन दूर सरकले. शिपायांनी शमायाला बाहेर ढकललं आणि पाठोपाठ आतून ओरडा उठला, "मरणदंड!"

अंगणात शेकोटीशी बसलेल्या दासीनं त्याला न्याहाळलं. "तू त्या गुरूचाच माणूस ना रे?"

शमाया नाही म्हणायला गेला, पण आतला ओरडा अजून त्याच्या कानात होता; त्याला ते म्हणवेना.