तक्रारीचा निकाल

परदेशी मिक्सर बनवायच्या खर्चापेक्षाही कमी भावात इथे विकले जात होते, म्हणून बाबांनी अँटी-डम्पिंगची तक्रार केली होती. तिची तड लागेपर्यंत त्यांचा स्वतःचा मिक्सरचा कारखाना बंद पडला, मशिनंही भंगारात गेली. आज निकाल लागला. तक्रार खरी ठरली, बाहेरून येणाऱ्या मिक्सरवर जादा कर बसला.

बाबांनी हट्टच धरला, म्हणून लेक त्यांना कारखान्यात घेऊन आली. रिकाम्या शेडमध्ये उभं राहून ते खणखणीत आवाजात म्हणाले, "जिंकलो रे! उद्यापासून दोन्ही पाळ्या चालू!"

मग कोपऱ्याकडे बघून हसले.

"बाबा, कोणाशी बोलताय?"

"अगं, मिस्त्री विचारतोय, एवढा उशीर का लावलात?"

मिस्त्रीकाका कारखाना बंद झाला त्याच वर्षी गेले होते. लेकीच्या अंगावर काटा आला.

"चला ना घरी," ती कशीबशी म्हणाली.

"सगळे कामावर असताना मी कसा निघू?"

तिने रिकाम्या कोपऱ्याला सांगितलं, "काका, सुट्टी झाली. उद्या या सगळे."

बाबा निमूट बाहेर आले.



शटर ओढण्याआधी ती दारातून बाजूला झाली, आणि सगळे बाहेर पडेपर्यंत थांबली.