निळा ठिपका

निळा ठिपका पुन्हा थांबला.

निवृत्तीरावांनी मोबाईल गोधडीआड धरून त्यावर बोट फिरवलं. रात्रभर डोळ्याला डोळा लागला नव्हता. जन्मभर एसटी हाकली, भर पावसाळ्यात घाटात गाडी अडकली, पण एवढा शीण कधी आला नव्हता. धामणगाव बढ्यात आता कुठे फटफटत होतं. तिकडे खंभातच्या आखातात शिवम, त्यांचा एकुलता एक, कुणा मालकाची यॉट घेऊन घोघ्याच्या धक्क्याकडे निघाला होता. तिथलं पाणी पुराच्या नदीसारखं धावतं, ओहोटीनं गाठायच्या आत पार व्हायचं, हे पोरानंच सांगितलं होतं. नकाशाही त्यानंच लावून दिला होता. ठिपका म्हणजे त्याची नाव.

शालूबाईंना यातलं काही सांगायची सोय नव्हती. त्यांचा धाकटा भाऊ धरणात बुडाला, तेव्हापासून घरात पाण्याचा विषय बंद. बाई मुळात भित्री. निवृत्तीराव चिखलीची गाडी घेऊन निघाले की पोचल्याचा निरोप येईस्तोवर त्या घराला झाडू लावत नसत. "गाडी मी हाकतो का तुही केरसुणी?" असं ते चिडवायचे. अशा बाईला काय सांगणार? बापलेकांनी ठरवून टाकलं, शिवम मुंबईला बंदराच्या कचेरीत कारकून आहे. पंख्याखाली बसतो.

"रातभर काय पाहून राह्यले मोबाईलात?" चहाचा कप पुढे करत शालूबाईंनी विचारलं.

"मॅच हाय. ऑस्ट्रेलियात."

"कोण जिंकून राह्यलं?"

"काही सांगता येत नाही बा."

निवृत्तीरावांनी चहात बिस्कीट बुडवलं. नजर ठिपक्यावरच होती; अर्धं बिस्कीट फरशीवर पडलं. एरवी कणभर सांडलं तरी घर डोक्यावर घेणारी बाई आज नुसती बघत राहिली.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "गुडघा दुखून राह्यला माहा. मंग पाहीन."

त्या भिंतीला टेकून तुरीची डाळ निवडायला बसल्या. निवडलेलीच डाळ पुन्हा निवडत होत्या. निवृत्तीरावांचं तिकडे लक्षच नव्हतं. ठिपका सरकेना. मग तो दिसेनासाच झाला. नुसतं निळं पाणी उरलं.

त्यांनी नकाशा बंद करून पुन्हा उघडला. पोराच्या हट्टाला हो म्हणणारे तेच होते. आता हिला कोणत्या तोंडानं सांगायचं?

तेवढ्यात शालूबाईंचा बटनांचा मोबाईल एकदाच वाजला आणि थांबला. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं.

"कंपनीवाल्याचा असंन," म्हणत त्या उठल्या आणि आत गेल्या.

निवृत्तीरावांनी हातातला मोबाईल उपडा ठेवला. थकले होते ते, ठिपक्याला आणि खोटं बोलण्यालाही. काय व्हायचं ते होवो.

"शालू," त्यांनी हाक मारली. "इकडे ये. मले तुले काही सांगाचं हाय."

शालूबाई आल्या त्या वाकून, हातात केरसुणी घेऊन, आतल्या खोलीपासून झाडत. बिस्किटाचा चुरा त्यांनी गोळा केला आणि खाटेपाशी थांबल्या.

"पाय वर घ्या," त्या म्हणाल्या. "लागली त्याची नाव घोघ्याले."