मागच्याला सांगा

सायकलींच्या रांगेचा एकच नियम: पुढच्याने "खड्डा!" ओरडायचं आणि प्रत्येकाने मागच्याला सांगायचं. गेल्या वर्षी किल्ल्याच्या उतारावर सायकल-मिस्त्रीने मुद्दाम अळीमिळी गुपचिळी केली. त्याच्या मागून येणाऱ्या मेहुण्याचं डोकं बुरुजाच्या दगडावर मडक्यासारखं फुटलं. "मी बोंबललो होतो," असं बायकोला छातीठोक सांगून मिस्त्री मोकळा झाला.

आज तोच उतार. मिस्त्री रांगेत शेवटचा.

"खड्डा!" पुढून हाक आली. मागे कुणीच नव्हतं, म्हणून तो गप्प राहिला.

त्याच्या मागच्या चाकाला कुणाचं तरी चाक घासलं. पुन्हा घासलं, जोरात. मानेवर गरम, चिकट काहीतरी उडालं.

"दाजी, आजही गप्पच?"

त्याने ब्रेक आवळला. लागला नाही. बुरुज अंगावर येत होता.

"बरं, मी पुढे जातो," आवाज कानाशी हसला. "बघू, मी सांगतो का."