सोडवू ना?

बाजारात येण्याआधी नव्या प्रोसेसरांचा वेग दिवंगत केशव पेंढारकरांच्या मनाच्या संगणकीय प्रतीवर मोजत. प्रत चालू झाली की पेंढारकर जागे व्हायचे, बुद्धिबळाचं तेच कोडं सोडवायचे आणि पुसले जायचे. कामाला लागायचे मात्र फक्त मुलीच्या आवाजावर. म्हणून मृण्मयीला बोलावलं होतं.

"आमच्या चिपवर ते तिप्पट वेगानं विचार करतील, असा अंदाज आहे," इंजिनिअर म्हणाला.

"मागच्या वेळीही तुमचा अंदाज तिप्पटच होता," प्रतिस्पर्धी कंपनीच्या बाई हसल्या. "मॅडम, करा सुरू."

मृण्मयी माइकजवळ वाकली. "बाबा."

"मनू? इथे कोडं मांडलंय बघ. सोडवू ना?"

"नको. आज नुसते बसा. मी आहे."

"बरं."

पडद्यावरचा वेगाचा आकडा शून्यावरच राहिला. इंजिनिअर काकुळतीला आला. "मॅडम, असं नका करू. सांगा ना त्यांना."

"नाही सांगणार."

"मग बंद करावं लागेल."

"कोडं सुटेपर्यंत बंद करता येत नाही," मृण्मयी म्हणाली. "हरणाऱ्यानं चाचणी मध्येच थांबवू नये म्हणून तुम्ही दोघांनीच कुलूप घातलंय ना?"

मृण्मयीनं खुर्ची पुढे ओढली.

"हं बाबा, बोला."