साहेबांचा स्कॅनर

छापखान्यातल्या शेटेबाईंच्या जुन्या कॉम्प्युटरवर आज अचानक सर्व्हरचं फोल्डर उघडलं. प्लेट काढायचं मशीन फक्त त्याच कॉम्प्युटरवर चालायचं, आणि नवा सर्व्हर त्याला दारात उभं करत नव्हता. चार महिने बाई पेन ड्राइव्ह घेऊन दोन जिने चढत-उतरत होत्या. गुडघ्यांना आधाराचे पट्टे बांधावे लागले होते.

"जुन्या कॉम्प्युटरला वाट दिली तर व्हायरस शिरेल, बाई," सर्व्हर सांभाळणारा निनाद दरवेळी म्हणायचा.

त्यांनी त्याला फोन लावला. "आज कसं उघडलं?"

"साहेबांचा जुना स्कॅनर जोडला जात नव्हता. म्हणून काल सगळ्याच जुन्या मशीनना वाट दिली."

"किती वेळ लागला?"

"दोन मिनिटं."

बाई म्हणाल्या, "साहेब नवा स्कॅनर घेतील तेव्हा मला आधी सांग. तोवर पट्टे जपून ठेवते."