फक्त ऐकून घ्या

"बाई, साहेब आजही भेटणार नाहीत," स्वागतकक्षातली मुलगी म्हणाली. "काल सांगितलं, परवाही सांगितलं."

"मी बसते."

"बसून काय होणार?"

"घरी बसून तरी काय होतंय?" ती म्हणाली आणि पुन्हा त्याच कोचावर जाऊन बसली.

समोरच्या भिंतीवर वकिलांच्या त्या पेढीचा सगळा इतिहास फोटोंसकट मांडला होता. बंदरावरच्या दोरखंडाच्या गोदामावर दोन खोल्या, तिथून सुरुवात. मग जहाजांचे तंटे, विम्याचे खटले, सरकारांचे करार. आता जगातल्या बहुतेक मोठ्या बंदरांत यांची कार्यालयं. मधोमध संस्थापकांचं तैलचित्र, भरघोस गलमिशा. एका माणसाने विश्वासाने सांगितलेल्या गोष्टीला बाध येऊ नये म्हणून त्यांनी म्हणे एका बड्या जहाजकंपनीचं काम सोडून दिलं होतं. हे सगळं वाचून वाचून तिला तोंडपाठ झालं होतं. समुद्रावरच्या कज्ज्यात ही पेढी कधी हरत नाही, हे तर बंदरावरचा हमालही सांगत होता.

तिचा मुलगा कोठडीत होता. मालवाहू जहाजाच्या इंजिनघरात कामाला होता तो. भर समुद्रात आग लागली, दोन खलाशी गेले. कंपनीने सरळ हात झटकले. तुमचा पोरगा पाळीवर झोपला होता, म्हणाले. चौकशी सोमवारपासून सुरू होणार होती. काल भेटीत तो जाळीपलीकडून म्हणाला, "आई, आता तू येत जाऊ नकोस." त्या वाक्याने तिची झोप उडाली होती.

दुपारी लिफ्टचं दार उघडलं आणि थोरले वकील बाहेर आले. भिंतीवरच्या फोटोंतला शेवटचा चेहरा. ती उठली आणि सरळ त्यांच्या वाटेत उभी राहिली. पहारेकरी धावला.

"साहेब, हात लावू देऊ नका मला. काही मागत नाही. फक्त ऐकून घ्या."

थोरल्या वकिलांनी तिच्याकडे पाहिलं. पायांत विजोड चपला होत्या. घाईत घरून तशीच निघाली होती. ते पहारेकऱ्याला म्हणाले, "राहू दे. या बाई, पाणी तरी प्या."

त्यांच्या खोलीत गालिचा इतका जाड होता की पावलाचा आवाजच येईना. तिने पाण्याला हात लावला नाही.

"मुलगा जहाजावर होता माझा. आग लागली त्याच."

"एक मिनिट." त्यांनी हात वर केला. "आधी समोरचा पक्ष कोण ते सांगा. आमच्याकडे तशी पद्धत आहे. ते तपासल्याशिवाय मी पुढचं..."

"तो झोपला नव्हता, साहेब!" तिचा बांध फुटला. "तेलाची नळी गळत होती. त्याने दोनदा कंपनीला फोन केला. 'बंदर गाठा, मग बघू,' म्हणाले! जहाजावरच्या स्वयंपाक्याने आपल्या कानांनी ऐकलंय. कंपनीची माणसं त्याला हुडकतायत. माझ्या बहिणीकडे लपवलाय, टेकडीमागच्या वीटभट्टीजवळ..."

"बाई, थांबा. अहो, थांबा!"

ती थांबली नाही. स्वयंपाकी साक्षीत काय सांगणार, मुलगा कुठे कचरतो, कशाची भीती वाटते, सगळं भडाभडा बाहेर आलं. बोलता बोलता तिला मुलाचे भाजलेले हात आठवले. मग शब्दही धड फुटेनात. थोरल्या वकिलांनी वर केलेला हात हळूहळू खाली घेतला. त्यांचाही चेहरा उतरला होता.

ती गप्प झाल्यावर त्यांनी पाण्याचा पेला तिच्याजवळ सरकवला.

"तुमच्याकडे वकील आहे का कुणी?"

"नणंद आहे. खालच्या कोर्टात भाडेकरूंचे खटले चालवते."

ते किंचित हसले, पण वाईट हेतूने नव्हे. "बाई, खोटी आशा लावत नाही. आम्ही कंपन्यांची कामं करतो, एकट्यादुकट्या माणसाची घेत नाही. भागीदारांचा तसा नियमच आहे. मला तुमचं काम घेता येणार नाही."

"साहेब, एकुलता एक आहे हो."

"मला कळतंय." त्यांचा आवाज खाली आला. "एवढं मात्र सांगतो. तुम्ही इथे बोललात ते या भिंतींबाहेर जाणार नाही. तो शब्द आम्ही आजवर मोडलेला नाही."

"नक्की?"

"पेढी उभीच त्याच्यावर आहे."

ती उठली. दारापर्यंत सोडायला ते स्वतः आले. स्वागतकक्षातल्या मुलीने तिच्याकडे पाहिलं आणि यावेळी नजर खाली घातली. पहारेकऱ्याने दार धरलं. बाहेर ऊन मी म्हणत होतं. पायरीवर येताच तिला रडू आवरेना. येणारेजाणारे वळून बघत होते, तिला त्याचं भान नव्हतं.

रस्त्यापलीकडे बसथांब्यावर नणंद उभी होती. काळा कोट हातावर, कपाळावर घाम. ती धावत आली आणि वहिनीला धरून सावलीत बसवलं.

"वहिनी, काय झालं? नाही म्हणाले?"

"नाही म्हणाले."

"आणि ऐकलं?"

"सगळं. मधे थांबवत होते, मी थांबले नाही."

नणंदेने इतका वेळ रोखून धरलेला श्वास सोडला आणि पदराने वहिनीचे डोळे पुसले.

"झालं तर मग. आपलं गुपित ऐकलेल्या पेढीला आपल्याविरुद्ध उभं राहता येत नाही. उद्या कंपनीवाले इथेच येतील, तेव्हा त्यांनाही नाहीच म्हणावं लागेल."