काथ्याची कडी

रावजीने मनगटांत आणि पायांच्या घोट्यांत काथ्याची कडी चढवली आणि पोफळीच्या बागेत, पाण्याच्या डोणीपाशी मांडलेल्या पाटावर जाऊन बसला. शेजारच्या पाटावर त्याची बायको चिमा बसली. तिचे हातपाय मोकळेच होते. समोर, जरा लांब, नाकाला रुमाल लावून डॉक्टर बेहेरे उभे होते. ते वाडीत हिवतापावरच्या कोयनेलच्या गोळ्या वाटायला रत्नागिरीहून आले होते आणि रावजीने त्यांना वाटेतच गाठले होते.

कडी आठवडाभर करंजेलात, गवती चहाच्या अर्कात आणि कापरात मुरली होती. वास असा, की गोठ्यातल्या गाईनेही तोंड फिरवले होते.

"डास जवळ फिरकायचा नाय, डाक्तर," रावजी म्हणाला. "तुम्ही हो म्हणा, म्हणजे नातीला बांधतो."

नात महिन्याची होती. गेल्या आश्विनात वाडीतली दोन तान्ही पोरे हिवतापाने गेली होती आणि आता पुन्हा आश्विन लागला होता. पण बाळाची आई, रावजीची लेक गोदा, हटून बसली होती. डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय असला वास ती पाळण्याजवळ येऊ देणार नव्हती.

तिन्हीसांज झाली. डास आले ते सरळ चिमाकडे. ती पोटऱ्यांवर चापट्या मारू लागली. रावजी डोळे मिटून निवांत बसून राहिला.

"एक तरी चावला?" डॉक्टरांनी विचारले.

"मना? नाय बा."

"ह्येंच्या वाट्याचे पण मनाच चावतायत," चिमा म्हणाली.

डॉक्टर विचारात पडले. "आता दोघेही कडी घाला बघू."

रावजीने सगळ्या घराला पुरतील एवढी कडी करून ठेवली होती. चिमाने नाक मुरडत घातली.

थोडा वेळ डास नुसतेच वर घोंघावत राहिले. मग खाली उतरले, दोघांवरही. चिमा खाजवू लागली. रावजी मात्र हलला नाही. कानामागे डास, मानेवर डास, आणि एक तर ऐटीत नाकाच्या शेंड्यावर.

"अवो, नाकावर बसलाय."

"माशी हाय ती."

"चावतेय."

"चावू दे. माशीच हाय."

त्याच्या डोळ्यांत पाणी आले, तेव्हा डॉक्टरांनीच पुढे होऊन ती माशी उडवली.

"रावजी," ते समजुतीने म्हणाले, "शेजारी उघडा माणूस असला तर डास त्याच्याकडे जातात. नसला तर तुमच्याकडेच येतात. कडी बाळाला बांधून भागायचे नाही. उद्या देवरुखाला जातोय, तिथून मच्छरदाणी पाठवतो. आणि ही डोण आधी उपसून कोरडी करा."

डॉक्टरांची बैलगाडी गेली. रावजीने एकेक कडे काढून पोफळीच्या बुंध्याशी टाकले आणि तिथेच बसून राहिला. दिवे लागले तरी तो घरात येईना. शेवटी डासांनीच त्याला उठवले.

आत आला तर पाळण्याच्या दोऱ्यांना उरलेली कडी बांधलेली होती. गोदा नाकाला पदर लावून, हार मानल्यासारखी कोपऱ्यात बसली होती. पाळण्याला खेटून चिमा बसली होती, लुगडे गुडघ्यांपर्यंत वर घेऊन, चोळीच्या बाह्या खांद्यापर्यंत सारून.

"डाक्तर नको म्हणाले ना?" रावजीने विचारले.

"ते म्हणाले, शेजारी उघडं माणूस लागतं," चिमा म्हणाली. "मी हाय की. मच्छरदाणी येईस्तवर."

रावजीने सदरा काढून खुंटीला अडकवला आणि पाळण्याच्या दुसऱ्या अंगाला जाऊन बसला.

"सगळे एकटीच घेऊ नको," तो म्हणाला. "थोडे हिकडं पण धाड."